आवरलेले घर, सावरलेले वय

(१ ऑक्टोबर या आंतरराष्ट्रीय ज्येष्ठ नागरिक दिनानिमित्त तालुक्याच्या ठिकाणी भरलेल्या अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्यांच्या मेळाव्यात एका माहिती अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



आजचा दिवस ज्येष्ठांचा आहे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने १४ डिसेंबर १९९० रोजी ठराव करून १ ऑक्टोबर हा दिवस ज्येष्ठांसाठी मुक्रर केला आणि १९९१ पासून तो जगभर पाळला जातो. अशा दिवशी ज्येष्ठांच्या गौरवार्थ बोलण्याचा प्रघात आहे. शाल, श्रीफळ आणि आदराचे चार शब्द यांत गैर असे काहीच नाही. परंतु आज मी आपले लक्ष एका अगदी घरगुती विषयाकडे वेधू इच्छितो. समारंभ आटोपला की ही मंडळी शाल घेऊन ज्या घरात परत जातात, त्या घराचा उंबरठा, न्हाणी, जिना, फळी आणि माळा यांचा हा विषय आहे. घरातील सामान आवरावे कसे, आणि उतारवयाला मानवेल असे घर करावे कसे, एवढाच प्रश्न आज आपणांपुढे मांडावयाचा आहे.

विषय किरकोळ वाटेल. तो किरकोळ नाही. २०११ च्या जनगणनेनुसार आपल्या देशात साठ वर्षे व त्यावरील वयाच्या व्यक्तींची संख्या सुमारे १० कोटी ३८ लक्ष होती. म्हणजे दर शंभरांत आठाहून अधिक. महाराष्ट्रात हे प्रमाण त्याहून जास्त, दहाच्या जवळपास होते. आज ते निश्चितच वाढलेले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पडल्यामुळे दरवर्षी जगात सुमारे ६ लक्ष ८४ हजार माणसे मृत्युमुखी पडतात आणि त्यांत सर्वाधिक संख्या साठीपुढील व्यक्तींची असते. म्हातारपणी पडणे हा दैवाचा भाग आहे, असे आपण समजतो. पुष्कळदा तो ओल्या फरशीचा, अंधाऱ्या वाटेचा आणि उंच फळीचा भाग असतो.

साठवणीमागची जाणती दृष्टी

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आपल्या वडीलधाऱ्यांची घरे सामानाने भरलेली असतात म्हणून त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार आपणांस नाही. ज्या पिढीने १९७२ चा दुष्काळ पाहिला, रोजगार हमीच्या कामावर खडी फोडणारी माणसे पाहिली आणि सुकडीवर दिवस काढणारी मुले पाहिली, तिने फुटकी बादलीसुद्धा झाडाच्या आळ्यासाठी राखून ठेवली. "वेळेला उपयोगी पडेल" हे त्या पिढीचे अर्थशास्त्र होते. दोर, पोती, चिंध्यांची गाठोडी, रिकामे डबे, जुन्या खिळ्यांची बरणी या साऱ्यांनी कधी ना कधी संसाराची अडचण भागविलेली असते. चिंध्यांतून गोधडी होई आणि जुन्या धोतरातून बाळाची दुपटी होत. ही काटकसर होती, तिला पसारा म्हणणे कृतघ्नपणाचे ठरेल.

मात्र काळ पालटला की साठवणीचे स्वरूपही पालटते. बंब माळ्यावर गेला, जाते जिन्याखाली गेले, पाटा-वरवंटा न्हाणीच्या कोपऱ्यात उभा राहिला. मुले नोकरीनिमित्त बाहेर पडली आणि त्यांची पुस्तके, ट्रंका, मोडकी सायकल पडवीत राहिली. घर तेवढेच, सामान वाढत गेले आणि माणसे कमी होत गेली. अखेरीस चार माणसांच्या सामानातून वाट काढीत एकटे माणूस वावरू लागते.

आपणां सरकारी नोकरांच्या बाबतीत याची दुसरी तऱ्हा दिसते. दर तीन-चार वर्षांनी बदलीचा हुकूम येतो आणि ट्रकमध्ये काय चढवावयाचे व काय मागे ठेवावयाचे याचा निवाडा एका रात्रीत करावा लागतो. बदली ही एका परीने घर हलके करणारी शिस्त आहे. निवृत्तीनंतर तो हुकूम येणे थांबते आणि मग पुढील वीस-पंचवीस वर्षे घरातली एकही वस्तू जागची हलत नाही. निवृत्त माणसाने आपल्या बदलीचा हुकूम आपणच काढावयाचा असतो, हे आपल्या ध्यानात येत नाही.

आमच्या घरची चूक

येथे मला माझ्या घरची हकीकत सांगितली पाहिजे. ती सांगताना संकोच वाटतो, परंतु आजचा विषय मला पुस्तकातून कळलेला नाही.

२०१८ ची दिवाळी जवळ आली होती. वडिलांच्या मागे आई गावाकडच्या घरी एकटी राहत असे. तिचे वय त्या वेळी एकोणसत्तर. दिवाळीपूर्वी घर काढावयाचे, कोळिष्टके झाडावयाची, फळीवरची भांडी उतरवून चिंच लावून लखलखीत करावयाची आणि पुन्हा फळीवर मांडावयाची, हा तिचा चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा नेम. ती भांडी वर्षभर कोणी वापरीत नसे. स्टुलावर चढून मोठा पितळी डबा उतरवीत असता तिचा तोल गेला. खुब्याचे हाड मोडले. शेजारच्यांनी आवाज ऐकला म्हणून बरे. शस्त्रक्रिया झाली आणि पुढील काही आठवडे ती जिल्ह्याच्या ठिकाणी राहिली.

त्या अवधीत आम्ही दोघे भाऊ गावी गेलो आणि दोन दिवसांत घर रिकामे केले. फळी उतरविली. पितळेची भांडी वजनावर मोडीत घातली. माळ्यावरचे सारे खाली आणून काही जाळले, काही वाटले. भिंतींना पांढरा रंग दिला. घर मोठे वाटू लागले. आम्हांला आमच्या कर्तबगारीचा अभिमान वाटला.

आई वॉकर धरून घरी आली. घरभर दृष्टी फिरविली आणि काही न बोलता ओटीवर बसली. तिसऱ्या दिवशी तिने विचारले, "माझं चिपटं कुठं आहे?" ते तांदूळ मोजण्याचे लहानसे पितळी माप. मेट्रिक मापे आल्यावर शेर, पायली बाजारातून गेली. आमच्या स्वयंपाकघरातून ती गेली नव्हती. आजीपासून चालत आलेल्या त्या मापाने आई रोज तांदूळ काढीत असे. दोघांना किती, पाहुणा आला तर किती, हे तिला त्या मापात ठाऊक होते. चिपटे भंगाराच्या पोत्यात गेले होते.

ती रागावली नाही. म्हणाली, "घर आवरलंत, छान दिसतंय. पण मी अजून आहे रे. मला विचारायचं राहिलं तुमचं."

त्याच आठवड्यात दुसरी गोष्ट ध्यानात आली. न्हाणीत आधाराला धरण्याजोगे काहीही नव्हते. शहाबादी फरशी साबणाने गुळगुळीत झालेली होती. रात्री उठल्यावर दिव्याचे बटण चार पावलांवर, भिंतीच्या पलीकडे होते. आम्ही दोन दिवस राबून तिच्या वाटेत नसलेल्या वस्तू काढून टाकल्या होत्या, आणि तिच्या वाटेत हवी असलेली एकही वस्तू बसविली नव्हती. ते आवरणे आमच्या सोयीचे होते. तिच्या सोयीचा विचार आम्ही केलाच नव्हता.

मित्रहो, आज मला जे सांगावयाचे आहे ते सारे या चुकीत आहे. घर आवरण्याचा अधिकार त्या घरात राहणाऱ्या माणसाचा आहे. मुलांनी हात लावावा, वजन उचलावे, शिडीवर चढावे. परंतु काय ठेवावे आणि काय द्यावे याचा निर्णय ज्याचा संसार त्याने करावा. आणि म्हणूनच हे काम हातपाय चालत असताना, स्मरण शाबूत असताना, आपले आपण आरंभिले पाहिजे. दवाखान्यातून परत येण्याच्या घाईत ते चांगले होत नाही.

खडूचा तुकडा

पुढे आम्ही सुधारलो, ते एका साध्या उपायाने. आमच्या गावातील एका निवृत्त शिक्षकांनी तो सुचविला. त्यांनी खिशातून खडूचा तुकडा काढून माझ्या हाती दिला आणि म्हणाले, "आईंना घरभर चालू द्या. तुम्ही मागून चाला, बोलू नका. जिथं त्यांचा हात आधार शोधील तिथं भिंतीवर खूण करा."

आई अंथरुणापासून न्हाणीपर्यंत, न्हाणीपासून देवघरापर्यंत, तेथून स्वयंपाकघरात आणि ओटीवर अशी चालली. अकरा खुणा झाल्या. काही ठिकाणी तिने दाराची चौकट धरली, एके ठिकाणी नळाची तोटी धरली, एके ठिकाणी वाळत घातलेल्या लुगड्याची दांडी धरली. ज्या वस्तू तिचे वजन पेलू शकणार नव्हत्या, त्यांच्या आधारावर तिचे सारे चालणे विसंबून होते. कोणत्याही तज्ज्ञाने दिला नसता असा घराचा नकाशा त्या खडूने आम्हांला दिला.

आपणांपैकी प्रत्येकाने आपल्या घरी हा प्रयोग करून पाहावा. त्याला खर्च नाही.

घराला करावयाच्या दुरुस्त्या

खुणा झाल्यावर दुरुस्त्या आपोआप सुचतात. अनुभवाने आणि जाणकारांना विचारून जे कळले, ते क्रमाने सांगतो.

पहिली वाट अंथरुणापासून शौचालयापर्यंतची. रात्री-अपरात्री याच वाटेवर माणूस अर्धवट झोपेत चालते. ती मोकळी असावी. सतरंजीची दुमडलेली कड, विजेची लोंबणारी वायर, दाराशी पडलेल्या चपला, पाण्याचा हंडा हे सारे तेथून हलवावे. दिव्याचे बटण अंथरुणावरून हाताला लागेल असे घ्यावे आणि वाटेत रात्रभर मंद दिवा ठेवावा. वयोमानाने डोळ्यांत प्रकाश कमी शिरतो. आपल्या तरुण डोळ्यांना पुरेसा वाटणारा उजेड त्यांना पुरत नाही, हे ध्यानी घेऊन दिवे लावावेत.

दुसरी गोष्ट न्हाणी. ओल्या जागी खरबरीत फरशी असावी. नवी फरशी शक्य नसेल तर जुनी टाकी लावून खरबरीत करून घ्यावी. भिंतीत पक्क्या बोल्टने बसविलेला लोखंडी किंवा स्टीलचा गज हवा. टॉवेल टांगण्याची नळी गजाचे काम करू शकत नाही. स्नानाला बसण्यासाठी पाट किंवा घसरता चौरंग नको, पाय न सरकणारी खुर्ची हवी. न्हाणीचे दार बाहेर उघडणारे करावे. आत माणूस पडले तर आत उघडणारे दार त्याच्याच अंगाने अडते आणि मदत बाहेर उभी राहते. कडी अशी असावी की प्रसंगी बाहेरून काढता येईल.

तिसरी गोष्ट शौचालय. २०१४ नंतर स्वच्छ भारत अभियानातून खेडोपाडी घराघरांत शौचालये झाली, ही मोठी गोष्ट आहे. ती बहुधा उकिडवे बसण्याची आहेत. गुडघे दुखू लागले की तेथे बसणे व उठणे दोन्ही कठीण होते, आणि त्या भीतीने म्हातारी माणसे पाणी कमी पितात. बाजूच्या भिंतीला एक गज आणि भांड्यावर ठेवावयाची कमोड खुर्ची एवढ्याने ही अडचण पुष्कळ अंशी दूर होते.

चौथी गोष्ट उंबरठा. त्याच्यावर हळदीकुंकू वाहिलेले असते. तो तोडा असे मी कोणाला सांगणार नाही. त्याला उजळ रंगाचा पट्टा द्यावा म्हणजे तो दिसेल, किंवा त्याला लागून उतरण करावी. उतरणीचे साधे गणित आहे: एक इंच चढाला किमान बारा इंच लांबी. चार इंचांच्या उंबरठ्याला चार फूट उतरण लागते आणि दीड फूट उंचीच्या ओट्याला अठरा फूट. त्याहून उभी उतरण पायऱ्यांपेक्षा घातक ठरते. एवढी जागा नसेल तर पायऱ्याच ठेवाव्यात, पण बाजूला कठडा बसवावा.

पाचवी गोष्ट जिना. राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार निवासी घरात पायरीची उंची १९ सेंटिमीटरहून अधिक आणि रुंदी २५ सेंटिमीटरहून कमी असू नये. आपल्या जुन्या घरांचे लाकडी जिने या मापात बसत नाहीत. तेव्हा माडीवरचे अंथरूण खाली आणणे हाच शहाणपणाचा मार्ग होय. माडी मुला-नातवंडांसाठी राहू द्यावी.

सहावी गोष्ट उंचीची. रोज लागणारी वस्तू कमरेच्या वर आणि खांद्याच्या खाली असावी. फळीवर काही ठेवावयाचेच असेल तर ते असे असावे की ज्यासाठी वर्षभर वर चढावे लागणार नाही. आणि घरातले स्टूल घराबाहेर काढावे. निदान आमच्या घरी तरी आम्ही ते प्रथम काढले.

शेवटची गोष्ट बसण्या-उठण्याची. झोळ पडलेल्या बाजेतून उठणे तरुणालाही जड जाते. पलंगाची उंची अशी असावी की कडेला बसल्यावर तळपाय जमिनीला टेकतील आणि गुडघे काटकोनात राहतील. जेवणाचा पाट सोडून खुर्ची-टेबल घेण्याची लाज वाटू नये. पंगतीचा मान पाटामुळे नसतो, सोबत बसणाऱ्या माणसांमुळे असतो.

काय ठेवावे, काय द्यावे

आता सामानाविषयी. येथे माझा सल्ला असा की एका दिवसात घर आवरण्याचा संकल्प कोणी सोडू नये. आठवड्यातून एक फडताळ, एक ट्रंक, एक कोनाडा, एवढेच काम घ्यावे. सुरुवात भावना गुंतलेल्या वस्तूंपासून करू नये. मुदत संपलेली औषधे, बंद पडलेली घड्याळे, फुटके प्लॅस्टिक, वाळवी लागलेले लाकूड यांपासून करावी. हात बसला की मग भांडी, कपडे, पुस्तके घ्यावीत. पत्रे आणि छायाचित्रे अगदी शेवटी.

प्रत्येक वस्तूला तीन प्रश्न विचारावेत. ही गेल्या वर्षात वापरली काय? ही कोणाच्या उपयोगी पडेल काय? आणि ही नसेल तर माझा दिवस अडेल काय? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर फक्त त्या वस्तूचा धनीच देऊ शकतो. आईचे चिपटे आम्हांला निरुपयोगी भांडे वाटले. तिचा दिवस मात्र त्याच्या मापाने उगवत होता.

देणे आपल्या हाताने व्हावे, यात फार मोठे समाधान आहे. पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालय आपणांपैकी अनेकांनी पाहिले असेल. दिवे, अडकित्ते, फण्या, भांडी, कोरीव दरवाजे अशा आपल्या घरादारांतील वस्तू डॉ. दिनकर केळकर यांनी आयुष्यभर गोळा केल्या, अकाली गेलेल्या मुलाचे नाव त्या संग्रहाला दिले आणि १९७५ साली तो राज्य शासनाच्या स्वाधीन केला. त्यानंतर १९९० पर्यंत ते हयात होते. हजारो वस्तूंचा धनी आपल्या डोळ्यांदेखत त्या समाजाच्या हाती देतो, यापरता आवरण्याचा दुसरा आदर्श कोणता?

जुन्या कागदपत्रांविषयी मात्र विशेष सावधगिरी हवी. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडले, जुन्या घराण्यांच्या दप्तरांतून कागद मिळवीत राहिले, आणि १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' प्रसिद्ध होऊ लागली. आपल्या माळ्यावर मोडी लिपीतील रुमाल असेल तर तो बंबात घालण्यापूर्वी जाणकाराला दाखवावा. १९१० साली स्थापन झालेले पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ अशा कागदांचे मोल जाणते.

चालू व्यवहाराचे कागद एका पेटीत, एका जागी ठेवावेत: सातबारा व आठ-अ चे उतारे, मिळकत पत्रिका, खरेदीखत, निवृत्तिवेतनाचा आदेश, बँकेची पुस्तके, विम्याची पत्रे, औषधांची यादी. प्रत्येक खात्यावर नामनिर्देशन आहे की नाही हे पाहावे. मृत्युपत्र करणे अशुभ नव्हे. ते साध्या कागदावर करता येते. त्यावर करणाऱ्याची आणि दोन साक्षीदारांची सही लागते. नोंदणी सक्तीची नाही, परंतु केल्यास चांगले.

येथे एक इशारा देणे माझे कर्तव्य आहे. भांडी देणे वेगळे आणि घर देणे वेगळे. वि. वा. शिरवाडकरांचे 'नटसम्राट' १९७० साली रंगभूमीवर आले. हयातीत सर्वस्व मुलांना वाटून देणाऱ्या बापाची ती शोकांतिका आजही प्रेक्षागृहाला अस्वस्थ करते, कारण ती घराघरात घडू शकते. 'आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७' या कायद्याच्या कलम २३ नुसार, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, तो सांभाळ न झाल्यास, न्यायाधिकरणाकडून रद्द ठरवून घेता येते. म्हणून बक्षीसपत्र करावयाचेच असेल तर ही अट दस्तात स्पष्ट लिहून घ्यावी. पसारा कमी करावा. आसरा कमी करू नये.

आपण काय करू शकतो

आता आपणां उपस्थितांकडे वळतो. शिक्षक बंधु-भगिनींनी आपल्या विद्यार्थ्यांना खडूचा तुकडा देऊन घरी पाठवावे. नातवाने आजीच्या मागून चालावे आणि खुणा कराव्यात. परिसर अभ्यासाचा याहून चांगला पाठ मला सुचत नाही. त्यातून मुलांना माप, उतार आणि माया ही तिन्ही कळतील.

पंचायत सदस्यांनी घरकुलांकडे लक्ष द्यावे. प्रधानमंत्री आवास योजनेतील ग्रामीण घराचे क्षेत्र किमान २५ चौरस मीटर असते. त्या लहान जागेत उंबरठा बुटका ठेवणे, न्हाणीचे दार बाहेर उघडणारे करणे, भिंत बांधतानाच गजासाठी लोखंड सोडून ठेवणे, यांना बांधकामाच्या वेळी फारसा खर्च पडत नाही. बांधल्यानंतर तोडफोड करण्याला पडतो. आणि ग्रामपंचायत कार्यालयाच्या पायऱ्यांना कठडा आहे काय, हेही एकदा पाहून घ्यावे.

अधिकारी मित्रांनी योजना शेवटच्या घरापर्यंत पोहोचवाव्यात. केंद्र शासनाची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून गरजू ज्येष्ठांना काठी, वॉकर, श्रवणयंत्र, चष्मा यांसारखी साधने देते. राज्य शासनाने २०२४ साली मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून, वयाची ६५ वर्षे पूर्ण केलेल्या व कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न दोन लक्ष रुपयांच्या आत असलेल्या ज्येष्ठांना साधनांसाठी एकवेळ तीन हजार रुपये देण्याची तरतूद केली. कमोड खुर्ची व घडीचा वॉकर त्या साधनांत मोडतात. जिल्ह्याच्या समाज कल्याण कार्यालयात याची माहिती मिळते. ज्येष्ठांच्या मदतीसाठी १४५६७ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे. तो प्रत्येक चावडीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेला असावा.

समारोप

आमच्या घरी पुढे काय झाले, हे सांगून मी थांबतो. अकरा खुणांच्या जागी गज, कठडे आणि दोन दिवे बसले. उरलेल्या सामानाचा निवाडा आईने स्वतः केला. त्याला चार महिने लागले. मोठी पातेली गावातील महिला बचत गटाला दिली. पाळणा भाचीकडे गेला. आमच्या हातून वाचलेल्या एका तांब्यावर तिच्या लग्नाचे साल आणि माहेरचे नाव घातलेले होते. तो तिने कोणालाच दिला नाही. तो आजही तिच्या उशाशी, खांद्याच्या खाली, हाताला लागेल अशा उंचीवर आहे.

चिपटे काही परत मिळाले नाही. मी बाजारातून तसेच दुसरे शोधून आणले. आईने ते हातात घेऊन पाहिले, त्यात तांदूळ भरून पाहिले आणि म्हणाली, "थोडं मोठं आहे. चालेल, आता पाहुणे येतात."

आता दिवाळी जवळ येते आहे. घराघरांतून साफसफाईला आरंभ होईल. तेव्हा आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना स्टुलावर चढू देऊ नका, आपण चढा. आणि वरची वस्तू खाली आणल्यावर ती कोठे ठेवावयाची, हे त्यांना विचारा. त्यांनी उत्तर देईपर्यंत थांबा.